उजाळा आणि घट

चंदीगडच्या सेक्टर १० मधील शासकीय संग्रहालय व कलादालन १९६८ मध्ये सुरू झाले. ल कॉर्बुझिएने आखलेल्या त्या वास्तूतील गांधार शिल्पांचा संग्रह भारतातील महत्त्वाच्या संग्रहांपैकी एक मानला जातो. करड्या स्तरित दगडात कोरलेले त्यातील बोधिसत्त्व विरक्ताच्या वेषात नसून राजपुत्राच्या थाटात उभे आहेत. गळ्याशी रुंद पट्टीचा हार, त्याखाली छातीवर रुळणारा पीळदार गोफ, गोफाच्या टोकांना दोन पशुमुखे आणि त्यांनी मधोमध तोंडात धरलेले रत्न, खांद्यावरून तिरका गेलेला ताइतांच्या नळ्यांचा सर, दंडांत बाजूबंद, कानांत जड कुंडले. गांधारच्या शिल्पकाराने सोनाराच्या हातचे बारकावे इतक्या निष्ठेने दगडात उतरवले आहेत की त्यावरून आजही कुणी कसबी सोनार तसा गोफ घडवू शकेल. या अलंकारांची निगा म्हणजे मऊ कुंच्याने धूळ झाडणे, एवढीच. त्यांना उजाळा द्यावा लागत नाही. ते गहाण पडत नाहीत, मोडीत निघत नाहीत, वाटणीत वितळवले जात नाहीत.

ज्या खऱ्या दागिन्यांवरून ते कोरले गेले, त्यांची गोष्ट निराळी आहे. जॉन मार्शल यांनी १९१३ ते १९३४ या काळात तक्षशिलेचे उत्खनन केले. तेथील सिरकप या नगरभागात घरांच्या जमिनीखाली पुरून ठेवलेले सोन्याचांदीचे साठे मिळाले. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुषाणांची स्वारी येताना मालकांनी ते पुरले आणि परत येऊन उकरायला कुणी उरले नाही, असा मार्शल यांचा निष्कर्ष होता. सोने मातीत सडत नाही, म्हणून ते जसे ठेवले तसे जवळजवळ एकोणीसशे वर्षांनी बाहेर आले. मालक परत आला असता तर त्या माळा वापरल्या गेल्या असत्या, उजळल्या गेल्या असत्या, सुनेसाठी मोडून नव्या घडवल्या गेल्या असत्या, आणि आज त्यांचा मागमूसही लागला नसता. दागिना इतिहासाच्या हाती लागण्यासाठी त्याच्या धन्यावर काहीतरी आपत्ती कोसळावी लागते, असे म्हणणे कठोर वाटले तरी चुकीचे नाही.

१९४७ च्या फाळणीने या दागिन्यांवर आणखी एक प्रसंग आणला. लाहोर संग्रहालयाच्या वस्तूंची वाटणी साठास चाळीस या प्रमाणात ठरली. त्यातील चाळीस टक्के वाटा भारताला मिळाला आणि अमृतसर, सिमला, पतियाळा असा मुक्काम करत अखेर चंदीगडला स्थिरावला. बोधिसत्त्व आले ते या मार्गाने. मोहेंजोदडो आणि तक्षशिला येथील दागिन्यांचा हिशेब वेगळा झाला. तक्षशिलेचे दोन सोन्याचे हार, मोहेंजोदडोचा लाल अकीकाच्या लांबट मण्यांचा कंबरपट्टा आणि हिरवट जेड मण्यांची माळ या वस्तू अखंड एका देशाला न देता त्यांचे मणी मोजून दोघांत वाटण्यात आले. पाच हजार वर्षांच्या आसपास वय असलेली माळ दोन सख्ख्या भावांनी आईचा चंद्रहार तोडून घ्यावा तशी वाटली गेली. दगडाचा बोधिसत्त्व कापता येत नाही. दागिना ओवलेला असतो, म्हणून सुटा करता येतो, आणि त्याच्या सर्व दैवाचे मूळ या सुटेपणात आहे.

महाराष्ट्रातले चित्र पाहू गेल्यास हीच विसंगती दिसते. अजिंठ्याच्या एक क्रमांकाच्या लेण्यातील पद्मपाणीच्या गळ्यात मोत्यांचे सर आहेत. त्या काळचा मोती मात्र हाताशी नाही. तेर, भोकरदन, नेवासे येथील उत्खननांत अकीकाचे मणी, शंखाच्या बांगड्या, भाजक्या मातीचे अलंकार पुष्कळ मिळाले. सोने त्या मानाने फारच थोडे. सोने लोकांच्या घरांत होते यात शंका नाही. ते पिढ्यान्‌पिढ्या वापरात राहिले, आणि वापरात राहणे हेच त्याच्या नाहीसे होण्याचे कारण ठरले. अंगावर दागिना कपड्याशी, कातडीशी आणि दुसऱ्या दागिन्याशी घासून झिजतो. त्याहून अधिक, आणि एकदम, तो झिजतो तो उजळताना. दागिन्यांच्या साफसफाईचा इतिहास हा म्हणूनच केवळ टापटिपीचा इतिहास राहत नाही. उजाळा कुणाच्या हाती होता आणि त्यात गेलेली घट कुणाच्या पदरात पडली, हा त्यातला खरा प्रश्न आहे.

वेगवेगळ्या द्रव्यांची शुद्धी वेगवेगळ्या मार्गांनी करावी, हा विचार फार जुना आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्रव्यशुद्धीचे प्रकरण आहे. धातू, रत्ने आणि दगडाच्या वस्तू राख, पाणी आणि माती यांनी शुद्ध होतात. ज्याला काही चिकटलेले नाही असे सोन्याचे पात्र, शंखमोत्यांसारखे पाण्यात जन्मलेले पदार्थ आणि नक्षी नसलेली चांदी यांना नुसते पाणी पुरते. तांबे, लोखंड, कासे, पितळ, कथील आणि शिसे यांना क्षार, आंबट द्रव्य आणि पाणी यथायोग्य वापरावे, असे तेथे सांगितले आहे. प्रकरण सोवळ्याओवळ्याचे आहे, चकाकीचे नाही. तरीही त्यामागचे निरीक्षण स्वयंपाकघरातले आहे, आणि ते अचूक आहे. मोत्याला आंबट लावू नये, तांब्याला लावल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि नक्षीच्या चांदीची गोष्ट साध्या चांदीहून वेगळी आहे, हे तीनही भेद आजचे रसायनशास्त्र मान्य करील.

मनूच्या पाण्यामातीनंतर कौटिल्याकडे वळले की आपण एकदम बाजारात येतो. अर्थशास्त्राची चिकित्सक आवृत्ती र. पं. कंगले यांनी मुंबई विद्यापीठासाठी १९६० ते १९६५ या काळात सिद्ध केली. त्या ग्रंथाच्या दुसऱ्या अधिकरणात सोनाराच्या कामावरील देखरेखीचा भाग आहे. जुन्या दागिन्याची दुरुस्ती करताना सोने चोरण्याचे चार उपाय तेथे नोंदले आहेत: ठोकून काढणे, कापून घेणे, खरवडणे आणि घासणे. यांतला चौथा, ज्याला कौटिल्य परिमर्दन म्हणतो, तो येथे विशेष महत्त्वाचा. हरताळ, मनशीळ किंवा हिंगूळ यांचे चूर्ण, नाहीतर कुरुविंद दगडाची पूड फडक्यात घेऊन दागिना घासला की सोन्याचांदीची वस्तू क्षीण होते, आणि तिचे काहीही मोडलेले दिसत नाही. कुरुविंदाची पूड म्हणजे आजच्या पॉलिश कागदावरची पूड. मालकाला दागिना अधिक झळझळीत होऊन परत मिळतो, तो आनंदाने मजुरी देतो, आणि सोने फडक्यात राहते. चोरीचा इतका सभ्य प्रकार दुसरा क्वचितच असेल. कौटिल्य पुढे सोनाराच्या कोणत्या हालचालींवर नजर ठेवावी याची यादीच देतो. त्यात डोक्यावरचे वस्त्र आहे, मांडी आहे, भाता आणि शेगडी आहे, पाण्याचे परळ आहे, स्वतःच्या अंगाकडे पाहणे आहे आणि माशी हाकलणेही आहे. ज्याने ही यादी केली तो कुठल्या तरी सोनाराच्या दुकानात बराच वेळ बसला असला पाहिजे.

एका बाजूला हा संशय आणि दुसऱ्या बाजूला संपूर्ण विसंबणे, यांच्या मध्ये सोनार या कारागिराचे सामाजिक स्थान घडले. मराठी गावगाड्यात बलुतेदारांच्या अनेक याद्यांत सोनार आहे. तो दागिने घडवी, कान टोची, आणि पोतदार म्हणून सरकारी वसुलात आलेल्या नाण्यांची पारखही करी. गावचे नाणे ज्याच्या शब्दावर खरे ठरते त्याच्याच हाती गावच्या बायकांचे दागिने उजळायला जात. पंढरपूरच्या नरहरी सोनारांची आख्यायिका या विश्वासाच्या प्रश्नाला हात घालते. ते कट्टर शैव. विठ्ठलाच्या देवळात पाऊल न टाकता दुसऱ्याने आणलेल्या मापावर त्यांनी देवाचा करदोडा घडवला. तो एकदा सैल झाला, एकदा आखूड. शेवटी डोळे बांधून ते मूर्तीपुढे गेले आणि हाताने चाचपताच त्यांना शंकर आणि विठ्ठल एकच असल्याचा प्रत्यय आला. १३१३ हे त्यांच्या समाधीचे परंपरेने मानलेले वर्ष. संतचरित्रकारांना या कथेत हरिहरांचे ऐक्य दिसले, ते योग्यच. पण मापात चूक निघालेल्या सोनाराची अब्रू पणाला लागते, हे ठाऊक असलेल्या समाजातच ही कथा रचली जाऊ शकते.

घरच्या बायकांनी या साऱ्यावर आपला तोडगा शोधला होता, आणि तो म्हणजे रिठा. रिठ्याच्या फळातील बी काढून टरफले कोमट पाण्यात भिजत घालायची, हाताने चोळून फेस आणायचा आणि त्यात दागिने घटकाभर ठेवून मऊ कुंचीने घासायचे. रिठ्यातील सॅपोनिन हे द्रव्य घाम, तेल, हळदकुंकू आणि साय यांचा चिकट थर सोडवते. धातूला ते हात लावत नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे दीर्घकाळ क्युरेटर राहिलेले प. कृ. गोडे यांनी रिठा, साबण आणि परीट यांच्या इतिहासावर एक स्वतंत्र निबंध लिहिला आहे, आणि नथीच्या प्राचीनतेवरही दुसरा. प्राचीन संस्कृत वाङ्मयात नाकातल्या दागिन्याचा पत्ता लागत नाही, तो त्या मानाने अलीकडचा, हे त्यांच्या नथीवरील निबंधाचे सार. रिठा मात्र नथीहून कितीतरी जुना. ज्या नथीला पुढे मराठी सौभाग्याचे प्रतीक मानले गेले ती धुण्याची सोय तिच्या जन्मापूर्वीच झालेली होती, ही गंमत गोड्यांच्या दोन्ही निबंधांचा एकत्र वाचक सहज टिपू शकतो.

रिठ्याची निवड ही काटकसर होती, तसेच ते शहाणपणही होते. हे समजण्यासाठी दागिना स्त्रीच्या आयुष्यात काय होता ते लक्षात घ्यावे लागते. कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात, सहाव्या विक्रमादित्याच्या काळात विज्ञानेश्वराने लिहिलेली मिताक्षरा ही महाराष्ट्राच्या बहुतेक भागात वारसाहक्काचा आधार होती. तिने स्त्रीधनाची व्याप्ती वाढवली. मूळ याज्ञवल्क्यस्मृतीत मात्र दुष्काळ, धर्मकार्य, आजार किंवा बंदिवास या प्रसंगी नवऱ्याने घेतलेले स्त्रीधन परत करण्याचे बंधन त्याच्यावर नाही. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने स्त्रीला मालमत्तेची पूर्ण मालकी मिळेपर्यंत बहुतेक घरांत बाईच्या हक्काचे म्हणावे असे जे होते ते तिच्या अंगावर होते. जमीन दिराची, घर सासऱ्याचे, पाटल्या तिच्या. त्या तोळ्यावर मोजल्या जात. ९६ गुंजांचा एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. समजा, दर दिवाळीला सोनाराकडे दिलेल्या उजाळ्यात अर्धी गुंज गेली. पन्नास दिवाळ्यांत २५ गुंजा, म्हणजे पाव तोळ्याहून अधिक सोने बाईच्या नकळत गेले. सावकाराच्या तराजूत ते एक दिवस उघडकीला येई, आणि तेव्हा विचारायला जुना सोनार हयात नसे. रिठ्याच्या पाण्यात तळाशी काही उरलेच तर ते घरातल्याच वाडग्यात उरे.

अर्थात सोनाराशिवाय चालत नसे, आणि सगळेच सोनार फडक्याच्या आशेवर बसलेले नव्हते. चिंचेच्या कोळात दागिना उकळणे, पातळ केलेल्या तेजाबात बुडवणे, गेरू देऊन रंग खुलवणे ही कामे घरी होण्यासारखी नव्हती. बावीस कॅरट सोन्यात ९१.६ टक्के सोने, बाकी तांबे-चांदी. पृष्ठभागावरचे तांबे काळवंडते. आंबट द्रव्य ते काढून टाकते आणि वर शुद्ध सोन्याचा पातळ थर उरतो. झळाळी येते ती त्यामुळे. यात सोने जात नाही, तांबे जाते. घासण्यात मात्र दोन्ही जातात. हा फरक जाणणारा कारागीर गिऱ्हाइकाला आधी आंबटाचा मार्ग सुचवी आणि घासण्याला शेवटी हात घाली. कसोटीच्या दगडावर ओढलेली रेघसुद्धा दागिन्यातूनच येते, तेव्हा सोन्याची नुसती परीक्षाही फुकट होत नाही.

मराठी दागिन्यांची एक खास अडचण म्हणजे लाख. बोरमाळेचे मणी, कोल्हापुरी साजाची पाने, पोकळ गोठ यांचा सोन्याचा पत्रा इतका पातळ असतो की आत लाख भरल्याशिवाय तो दाबला जाईल. थोड्या सोन्यात भरदार दिसण्याची ही युक्ती मध्यम ऐपतीच्या घरांतून फार उपयोगी पडली. लाख सुमारे ७५ ते ८० अंश सेल्सिअसला वितळते, मऊ त्याआधीच पडते. उकळत्या पाण्यात टाकलेल्या बोरमाळेचे मणी लाख ओकून चिंबतात, आणि विस्तवाजवळ नेऊन तुटका दुवा सांधायला जावे तर शेजारचे पान हातातून जाते. साजातील पानांवर दशावतार आणि अष्टमंगले कोरलेली असतात. लाख सुटल्यावर मत्स्य आणि कूर्म यांच्यात फरक उरत नाही. लाखेच्या दागिन्याला कोमट पाणी, थोडा वेळ आणि पुष्कळ धीर लागतो.

मोत्याचे प्रकरण याहून नाजूक आहे. मोती खनिज नव्हे. शिंपल्यातील प्राण्याने कालवणाच्या कवचाच्याच द्रव्याचे, कॅल्शियम कार्बोनेटचे, पापुद्रे एकावर एक चढवून तो केलेला असतो. आंबट पदार्थ त्याला खातो. लिंबू, चिंच, घाम, अत्तर, सारे त्याचे शत्रू. रिठ्याचे पाणीही किंचित आंबट असल्याने मोत्याला फार काळ मानवत नाही. पोवळे आणि कवडी यांचे द्रव्यही तेच, तेव्हा त्यांचाही नियम तोच. सोन्याची नथ रिठ्यात धुतली तरी तिच्यातले मोती ओल्या मऊ कापडाने पुसून लगेच कोरडे करावे लागतात. फार कोरड्या हवेतही त्यांचे पाणी उतरते; वर्षानुवर्षे पेटीत बंद असलेल्या मोत्यांपेक्षा अधूनमधून अंगावर येणारे मोती अधिक टवटवीत राहतात, हा जुन्या बायकांचा अनुभव.

मोत्याच्या या ठिसूळपणाची मराठी मनाला केवढी जाण होती, हे पानिपताच्या बातमीवरून कळते. १७६१ च्या जानेवारीत झालेल्या संहाराची वार्ता नानासाहेब पेशव्यांकडे सावकारी भाषेच्या आडून पोचली. दोन मोती गळाल्याचे, सत्तावीस मोहरा हरवल्याचे आणि चांदी-तांब्याच्या खुर्द्याची तर गणतीच नसल्याचे त्यात कळवले होते. दोन मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ. लिहिणाऱ्याने मोहरांसाठी हरवण्याचे क्रियापद योजले आणि मोत्यांसाठी गळण्याचे. हरवलेली मोहर कुणाला तरी सापडू शकते. गळालेला मोती कुणालाच सापडत नाही. सराफीच्या व्यवहारात मुरलेल्या लेखणीलाच असा भेद करणे सुचते, आणि अठराव्या शतकातल्या मराठी गद्याची ताकद दाखवायला हे एक वाक्य पुरे आहे.

बसऱ्याचे म्हणून ओळखले जाणारे इराणी आखातातले मोती निवडले, वेगळे केले आणि विकले जात ते मुंबईच्या बाजारात. १८९३ मध्ये जपानच्या मिकिमोतोने शिंपल्यात मोती पिकवून दाखवला आणि १९३० च्या दशकात आखातातला तो धंदा बसला. पिकवलेल्या मोत्यावर पापुद्र्यांचा थर बहुधा पातळ असतो आणि आत शिंपल्याचा गोल मणी. त्याची निगा आणखी हळुवार हाताने करावी लागते. आजीच्या नथीची सवय असलेला हात नातीच्या नथीला कधी कधी जड पडतो तो यामुळे.

चांदीबद्दल थोडक्यात सांगता येईल. चांदी काळी पडते ती हवेतील गंधकामुळे. लोकर, रबर, अंडी यांच्या सान्निध्याने लवकर. राखेने किंवा रांगोळीने घासली की काळा थर जातो आणि त्यात अडकलेली चांदीही जाते. सोड्याच्या गरम पाण्यात ॲल्युमिनियमच्या कागदावर ठेवल्यास तीच चांदी पुन्हा धातुरूपात वस्तूवर परतते, हा उपाय घरोघर पोचला आहे. पण हुपरीच्या पैंजणांवरची किंवा जुन्या कमरपट्ट्यावरची नक्षी उठून दिसते ती तिच्या खाचांतल्या काळेपणामुळे. तो काळेपणा कारागिराने जाणून ठेवलेला असतो. सगळीकडून सारखी पांढरी केलेली नक्षीदार चांदी आंधळी दिसते. मनूने नक्षीची चांदी वेगळी काढली त्याचे कारण त्याच्या लेखी दुसरे असेल, पण भेद खरा होता. ज्या घरांत चांदीही नव्हती तेथे पितळेची जोडवी आणि कथलाचे वाळे होते, आणि चिंच व राख ही दोन द्रव्ये फुकट मिळत.

दागिन्याचा सर्वांत दुबळा भाग त्याचा दोरा. माळा गाठवणारे पटवेकरी आता थोड्याच गावांत उरले आहेत. मोत्यामोत्यांत गाठ द्यायची, म्हणजे सर तुटला तरी एकच मोती निसटतो आणि मणी एकमेकांना घासतही नाहीत. रेशीम मळले की ते बदलायचे. बदलताना मणी त्याच क्रमाने पुन्हा आले पाहिजेत. पटवेकऱ्याच्या हातातून दागिना घट न होता नवा होऊन परत येतो, म्हणून त्याच्याविषयी संशयाच्या म्हणी मराठीत फारशा नाहीत. मोहेंजोदडोच्या माळेला मूळचा दोरा उरलेला नव्हताच. मणी कोणत्या क्रमाने होते याचा अंदाज अभ्यासकांनी बांधला आणि तशी ती ओवली. ओवणाऱ्याने काही वर्षांतच ती पुन्हा सोडवली जाईल असे कदाचित मनात आणले नसेल.

संग्रहालयाने उजाळ्याचा अर्थच बदलला. १९७६ मध्ये लखनौला सांस्कृतिक वस्तूंच्या जतनाची राष्ट्रीय संशोधन प्रयोगशाळा ओ. पी. अग्रवाल यांच्या पुढाकाराने स्थापन झाली. आधी नोंद, मग परीक्षण, आणि वस्तूचे काहीही जाऊ न देता शक्य तितकी कमी ढवळाढवळ, हे संवर्धनशास्त्राचे तत्त्व. डाग हा पुरावा असू शकतो, झीज ही वापराची साक्ष असते, हे या दृष्टीला दिसते आणि सोनाराला दिसत नाही. पण तिचीही किंमत आहे: काचेआडचा दागिना झिजत नाही, कारण तो कुणाच्या अंगावर नाही.

वापर आणि जतन यांची सांगड घालणारे तिसरे ठिकाण म्हणजे देऊळ. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या दागिन्यांची स्वच्छता दरवर्षी शारदीय नवरात्रापूर्वी होते. खजिन्यातून सोनकिरीट, कुंडले, ठुशी, चंद्रहार, बोरमाळ, पुतळ्यांची आणि मोहरांची माळ, कोल्हापुरी साज, कवड्यांची माळ असे अलंकार बाहेर येतात, कारागीर मंडळी मंदिराच्या आवारातच बसून ते रिठ्याच्या पाण्याने धुतात, आणि सारे देवस्थानच्या माणसांच्या नजरेसमोर चालते. सोने सोनाराच्या दुकानी जात नाही, सोनार सोन्यापाशी येतो. कौटिल्याला ही व्यवस्था पसंत पडली असती. तेथे सोन्याच्या मोहरा आहेत आणि समुद्रातल्या कवड्याही आहेत. देवीच्या पेटीत दोन्हींना सारखाच मान आहे, आणि धुताना कवडीलाच अधिक जपावे लागते. खुद्द मूर्तीच्या दगडाची झीज हा मात्र अवघड प्रश्न ठरला, आणि २०१५ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांनी तिच्यावर संवर्धनाची प्रक्रिया केली. शेकडो वर्षांच्या अभिषेकांनी दगड झिजतो. भक्ती आणि जतन यांचे प्रत्येक वेळी जमतेच असे नाही.

विसाव्या शतकात सोनाराच्या धंद्यावर मोठा आघात झाला तो सरकारी नियमाने. जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्णनियंत्रण आले आणि चौदा कॅरटहून अधिक शुद्ध सोन्याचे नवे दागिने करण्यास बंदी झाली. हेतू सोन्याची चोरटी आयात रोखण्याचा होता. हजारो कारागिरांची चूल विझली, काहींनी आत्महत्या केल्या. चौदा कॅरटची अट १९६६ मध्ये गेली. १९६८ चा सुवर्णनियंत्रण कायदा १९९० पर्यंत राहिला. ज्यांनी या काळात हातोडी खाली ठेवली त्यांच्याबरोबर लाखेच्या दागिन्याला सांधा कसा द्यावा, गेरू किती वेळ ठेवावा, कोणत्या नक्षीचा काळेपणा राखावा, हे ज्ञानही गेले. आयातीच्या आकड्यांत त्याची नोंद कुठे होणार? पुढे २००० मध्ये शुद्धतेचा हॉलमार्क आला आणि २०२१ मध्ये तो टप्प्याटप्प्याने बंधनकारक होऊ लागला. सोन्याच्या शुद्धतेवरचा संशय त्याने बराच कमी केला. उजाळ्यातल्या घटीला तो काही करू शकत नाही.

परिमर्दन तर चालूच आहे. दुपारी घरातले कर्ते बाहेर असताना दारी येऊन दागिने चकचकीत करून देतो म्हणणारे भामटे महाराष्ट्रातल्या शहरांत वारंवार पकडले जातात. आधी पितळेचे भांडे लखलखीत करून दाखवायचे, मग पाटल्या मागायच्या. त्यांच्या बाटलीत बहुधा आम्लराज असते, सोने विरघळवणारे नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांचे मिश्रण. दागिना उजळून परत मिळतो, हलका होऊन. कौटिल्याच्या कुरुविंदाची जागा आम्लाने घेतली, एवढाच बदल. फसवली जाणारी व्यक्ती बहुतेकदा घरात एकटी असलेली वयस्क बाई, हेही तसेच.

राहता राहिले ते प्रामाणिक सोनाराच्या दुकानातले घटीचे सोने. कानशीतून, कुंच्यातून, फडक्यातून उडालेले ते कण जमिनीवर पडतात, झाडूने कोपऱ्यात जातात, पावसाच्या पाण्याबरोबर गटारात उतरतात. त्यासाठी मराठी मुलखात झारेकरी आहेत. ते दुकानाचा केर विकत घेतात, पेढीसमोरच्या गटारातला गाळ काढतात, पसरट भांड्यात तो पुन्हा पुन्हा धुतात. हलकी माती वाहून जाते, जड कण तळाला राहतात, आणि पाऱ्याने ते गोळा करून विस्तवावर पारा उडवला की सोन्याचा बारीकसा मणी उरतो. कोल्हापूरची गुजरी, म्हणजे सराफांची पेठ, अंबाबाईच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर आहे. त्या मण्यात किती घरच्या पाटल्या, किती बोरमाळा आणि किती नथींची तार मिसळली आहे हे झारेकऱ्याला विचारून उपयोग नाही. तो तोच मणी पुन्हा पेढीवर नेऊन विकतो.